काही साइट उघडतात, काही उघडत नाहीत

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांत जवळजवळ एकच वाक्य होतं: ‘इंटरनेट चालू आहे, पण काही ठरावीक साइट उघडत नाहीत.’ चौघांची दुखणी मात्र चार निघाली. म्हणून या वेळचं सदर या एकाच तक्रारीला दिलं आहे.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. घरी डेस्कटॉप आहे, विंडोज ११. तीन आठवड्यांपासून बँकेची साइट, नातवाच्या परीक्षेच्या अर्जाची साइट आणि बिल भरायची साइट उघडत नाही. लाल त्रिकोण आणि इंग्रजीत मोठं वाक्य येतं, मी ते बंद करतो. वर्तमानपत्र मात्र वाचता येतं, शब्दकोश उघडतो, रेडिओ ऐकू येतो. एका ग्रंथालयाची साइट तर ‘सापडत नाही’ असंच सांगते. याच वायफायवर मोबाइलमध्ये सगळं उघडतं. ब्राउझर बदलला, अँटिव्हायरस चालवला, काही फरक नाही. ओळखीचा एक मुलगा म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल. संगणकात वीस वर्षांचे फोटो आहेत आणि अर्जाची मुदत जवळ आली आहे. काय करू?
ता. क. संगणकावरची तारीख दोन महिने मागची दिसते. एका प्रोग्रॅमची चाचणीची मुदत संपू नये म्हणून नातवाने ती मागे नेली होती. त्याचा इथे काही संबंध नसावा.

उत्तर: फॉरमॅट करू नका. हे सगळ्यांत आधी सांगते, कारण तुमचं पत्र वाचताना मला एक जुनी गोष्ट आठवली. परिचयातल्या एका कुटुंबाचा संगणक याच तक्रारीवर फॉरमॅट झाला होता. मुलांच्या लहानपणाचे फोटो गेले, आणि संध्याकाळी पाहिलं तर त्याच साइट तेव्हाही उघडत नव्हत्या. बिघाड राउटरमध्ये होता. त्या बाईंचा चेहरा मी विसरलेले नाही. काही साइट चालतात आणि काही चालत नाहीत, याचा अर्थ यंत्राचा बहुतेक भाग ठणठणीत आहे. त्यासाठी सगळं पुसून टाकायची गरज जवळपास कधीच नसते.

आता तुमच्या ताज्या कलमाकडे येते, कारण तुमचं अर्ध्याहून अधिक उत्तर तिथेच आहे. तारखेचा संबंध आहे, आणि अगदी थेट आहे.

पत्त्याच्या सुरुवातीला कुलूप दिसतं अशी प्रत्येक साइट संगणकाला आधी आपलं ओळखपत्र दाखवते. त्याला सर्टिफिकेट म्हणतात. त्यावर साइटचं नाव असतं, ते देणाऱ्या संस्थेची सही असते आणि दोन तारखा असतात: कधीपासून चालेल आणि कधीपर्यंत चालेल. तुमचा संगणक या दोन तारखा स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. तुमच्या बँकेने समजा गेल्या महिन्यात नवीन सर्टिफिकेट घेतलं. तुमचं घड्याळ दोन महिने मागे आहे. संगणकाच्या हिशेबाने ते ओळखपत्र अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून तो दार लावतो. वर्तमानपत्राचं सर्टिफिकेट पाच महिन्यांपूर्वीचं असेल, तर ते मागच्या तारखेलाही चालू होतं आणि आजही आहे, म्हणून ते उघडतं. निवड साइटच्या चांगल्या-वाईटावर होत नाही, सर्टिफिकेट किती ताजं आहे त्यावर होते. ब्राउझर बदलून फरक पडला नाही त्याचं कारणही हेच. दोन्ही ब्राउझर एकच घड्याळ बघतात.

घड्याळ थोडं चुकल्याने पूर्वी इतक्या साइट अडत नसत. तेव्हा सर्टिफिकेटं दोन-तीन वर्षांची असत. सप्टेंबर २०२० पासून नव्या सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवसांवर आली. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट सर्टिफिकेटं देते, ती ९० दिवसांची असतात. आणि २०२५ मध्ये ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे मार्च २०२६ पासून कमाल २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. म्हणजे मागे पडलेलं घड्याळ यापुढे आणखी साइट अडवणार.

तर सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘डेट अँड टाइम’. तिथे ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ हे बटण चालू करा आणि खाली ‘सिंक नाऊ’ दाबा. टाइम झोनही बरोबर आहे ना ते पाहा. ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. बँक, अर्ज आणि बिल या तिन्ही साइट उघडायला हव्यात. नातवाला रागावू नका, पण तारीख मागे नेल्याने अर्ज अडला होता हे त्याला दाखवा. त्याच्याच अर्जाचा प्रश्न होता.

उद्या कधी असं झालं की तारीख कोणी बदलली नाही, तरी संगणक पूर्ण बंद करून चालू केला की ती मागे जाते, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली असं समजा. तिच्यावर सीआर२०३२ असं लिहिलेलं असतं, तीन व्होल्टची असते. काही वर्षांनी ती बदलावी लागतेच.

आणि तो लाल त्रिकोण. तो तुम्ही बंद केलात ते बरोबर केलंत. बरेच जण खालचं ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून ‘तरीही पुढे जा’ करतात. बँकेच्या साइटवर हे कधीही करू नका, कारण खरोखर खोटी साइट समोर आली तरी इशारा असाच दिसतो. माझी विनंती एवढीच, की बंद करण्याआधी त्या वाक्याखालची बारीक अक्षरांतली ओळ कागदावर उतरवून घ्या. तुमच्या बाबतीत तिथे ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ असं असणार. त्यातला ‘डेट’ हा शब्द वाचला असता तर तीन आठवडे वाचले असते. यात तुमची चूक नाही. हे इशारे लिहिणाऱ्यांनी महत्त्वाचा शब्द सर्वांत लहान अक्षरांत ठेवला आहे, आणि मला ते कधीच पटलेलं नाही.

ग्रंथालयाच्या साइटचं दुखणं निराळं आहे. तिथे लाल त्रिकोण नाही, ‘सापडत नाही’ असा निरोप आहे. त्याखाली बहुधा ‘डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन’ अशी ओळ असेल. म्हणजे गाडी ओळखपत्रापर्यंत पोहोचलीच नाही, पत्ता शोधतानाच अडली.

संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. नाव दिलं की आकडा सांगणारी जी व्यवस्था आहे ती डीएनएस. इंटरनेट अगदी लहान होतं तेव्हा सगळ्या यंत्रांची नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये असत. ती फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रं वाढली तसं ते अशक्य झालं, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजची वाटून दिलेली व्यवस्था मांडली. तुमचा संगणक आकडा कोणाला विचारतो हे सहसा राउटर ठरवतो, पण तो पत्ता संगणकात हातानेही भरता येतो. मोबाइलवर ग्रंथालय उघडतं आणि संगणकावर नाही, म्हणजे संगणक वेगळ्याच कोणाला तरी विचारतोय, किंवा जुनं उत्तर धरून बसलाय.

तपासणी सोपी आहे. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून काळी खिडकी उघडा. तिथे इंग्रजी लहान अक्षरांत ‘एनएसलुकअप’, मग एक मोकळी जागा, मग ग्रंथालयाच्या साइटचं नाव लिहून एंटर दाबा. उत्तर लिहून ठेवा. पुन्हा तेच लिहा, पण शेवटी जागा सोडून १.१.१.१ हा पत्ता जोडा (आकडेही इंग्रजीच हवेत). दुसऱ्या वेळी तुम्ही तोच प्रश्न क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या सार्वजनिक डीएनएसला विचारलात. पहिल्याने ‘नाही’ म्हटलं आणि दुसऱ्याने आकडा दिला, तर दोष तुमच्या संगणकात भरलेल्या डीएनएसच्या पत्त्याचा. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’ हे ‘ऑटोमॅटिक’ करा. मग त्याच काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’, जागा, तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून ‘फ्लशडीएनएस’ असं लिहून एंटर दाबा. त्याने जुनी उत्तरं पुसली जातात. फोटोंना, फायलींना धक्का लागत नाही.

आधी घड्याळ, मग अर्ज, आणि ग्रंथालय सावकाश.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपवर सगळं उघडतं, फक्त अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट आणि विंडोज अपडेट चालत नाही. कोणतीही अँटिव्हायरस कंपनी घ्या, उघडत नाही. हा योगायोग असेल का?

उत्तर: मी योगायोग मानणार नाही, आणि तुम्हीही मानू नका. नेमक्या औषधाच्याच साइट बंद असतील तर आजार आत आहे असं धरून चालावं.

नोव्हेंबर २००८ मध्ये कॉन्फिकर नावाचा वर्म, म्हणजे एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप शिरणारा घातक प्रोग्रॅम, पसरू लागला. तो नेमकं हेच करायचा. नाव विचारण्याच्या कामातच तो शिरून बसे आणि नावात अँटिव्हायरस कंपनीचा किंवा मायक्रोसॉफ्टचा शब्द दिसला की उत्तर येऊच देत नसे. बाकी सगळं नीट चाले, म्हणून महिनोन्‌महिने कोणाला संशय येत नसे. त्यानंतरच्या अनेक घातक प्रोग्रॅमनी हीच युक्ती उचलली.

तुम्ही आधी होस्ट्स फाइल पाहा. वरच्या उत्तरात ज्या एका फाइलचा उल्लेख केला, तिचा हा वंशज. आजही प्रत्येक संगणकात आहे आणि संगणक डीएनएसला विचारण्याआधी तिच्यात बघतो. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, आणि तिथे ‘होस्ट्स’ या नावाची, शेवटी कोणतंही एक्स्टेन्शन नसलेली फाइल. नोटपॅडने उघडा. न छेडलेल्या विंडोजमध्ये तिथल्या सगळ्या ओळी हॅशच्या चिन्हाने सुरू होतात, म्हणजे त्या नुसत्या सूचना असतात. तिथे हॅश नसलेल्या ओळींत १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० असा आकडा आणि पुढे अँटिव्हायरस कंपनीचं नाव दिसलं, तर कोणीतरी त्या साइटचा रस्ता तुमच्याच संगणकाकडे वळवून ठेवलाय. काही जण जाहिराती रोखायलाही इथे ओळी भरतात, म्हणून ओळ दिसली की घाबरू नका, नावं वाचा. वाईट ओळी काढायच्या तर नोटपॅड ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडावा लागतो, नाहीतर फाइल सेव्ह होत नाही.

पण ओळी काढून थांबू नका. ज्याने त्या भरल्या तो आत असेल तर पुन्हा भरेल. आणि कॉन्फिकरसारखा प्रकार असेल तर ही फाइल स्वच्छच दिसेल, कारण त्याला तिची गरज नसते. म्हणून विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘स्कॅन ऑप्शन्स’, आणि त्यात ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. उघड्या फायली आधी सेव्ह करा, कारण संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागं व्हायच्या आधीच तपासणी होते. आत बसलेल्या प्रोग्रॅमला तेव्हा लपायला जागा नसते. तपासणीला साधारण पंधरा मिनिटं लागतात.

घरातल्या दुसऱ्या यंत्रांवरही त्याच साइट बंद आहेत का, हे जरूर पाहा. असतील तर राउटरमधला डीएनएसचा पत्ता बदलला गेला असण्याची दाट शक्यता आहे. डीएनएसचेंजर नावाच्या घातक प्रोग्रॅमने हाच धंदा केला होता. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्यामागची टोळी पकडली तेव्हा शंभराहून जास्त देशांतले सुमारे ४० लाख संगणक त्याच्या कह्यात होते. त्या टोळीचे डीएनएस सर्व्हर लगेच बंद केले असते तर या लाखो लोकांचं इंटरनेट एका क्षणात थांबलं असतं. म्हणून त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवून ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले, लोकांना दुरुस्तीला वेळ मिळावा म्हणून. राउटरमध्ये अनोळखी डीएनएस दिसला तर राउटर रीसेट करा आणि त्याचा ॲडमिन पासवर्ड त्याच बैठकीत बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा. बहुतेक घरांत दुसरा कधीच बदललेला नसतो.

हे सगळं होईपर्यंत या लॅपटॉपवर बँकेचं काम किंवा पासवर्ड टाकायचं कुठलंही काम करू नका.

प्रश्न: आमच्याकडे राउटर बदलल्यापासून विचित्र प्रकार आहे. शोध लागतो, ईमेल वाचता येते, पण जोडलेली फाइल पाठवता येत नाही. काही साइट पांढऱ्या पानावर अडकतात, कितीही वेळ थांबा. ना इशारा, ना निरोप. संगणक, मोबाइल, सगळ्यांवर तेच. मोबाइल डेटावर मात्र सगळं ठीक. कंपनीचे लोक म्हणतात, लाइन उत्तम आहे.

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण या दुखण्यात माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही. वेगाची चाचणी उत्तम येते, पिंग (दूरच्या यंत्राला हाक मारून उत्तर येतं का ते पाहणं) उत्तम येतो, आणि साइट उघडत नाही. मी स्वतः एका घरी यात दोन संध्याकाळी घालवल्या आहेत. घड्याळ, डीएनएस, होस्ट्स, सगळं स्वच्छ होतं. शेवटी लक्षात आलं की तिथे छोटं सगळं जातंय आणि मोठं सगळं अडतंय. तुमच्याही पत्रात तेच आहे: ईमेल वाचणं छोटं, फाइल पाठवणं मोठं.

इंटरनेटवर मजकूर तुकड्यांनी जातो. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. साध्या जोडणीत एक पॅकेट जास्तीत जास्त १५०० बाइटचं असतं. या मर्यादेला एमटीयू म्हणतात. तुमच्या राउटरमध्ये युजरनेम आणि पासवर्ड घालून लाइन जोडावी लागत असेल, तर ती पीपीपीओई जोडणी आहे. ती प्रत्येक पॅकेटला स्वतःचं ८ बाइटचं वेष्टन घालते, म्हणजे आतल्या मालाला १४९२ उरतात. राउटरला हे सांगितलेलं नसेल तर १५०० चं पॅकेट येतं आणि दारात अडतं.

खरं तर अशा वेळी अडवणाऱ्या यंत्राने पाठवणाऱ्याला निरोप द्यायचा असतो: पॅकेट मोठं आहे, लहान करून पाठव. ते देतंही. पण काही साइटवाले सुरक्षेच्या नावाखाली अशा प्रकारचे सगळेच निरोप आपल्या फायरवॉलवर, म्हणजे ये-जा तपासणाऱ्या पहाऱ्यावर, टाकून देतात. निरोप पोहोचत नाही, तिकडचा सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, आणि तुम्ही पांढऱ्या पानासमोर बसून राहता. ज्या साइट हे निरोप ऐकतात त्या उघडतात, ज्या ऐकत नाहीत त्या अडकतात. ठरावीक साइटच का, याचं हे उत्तर.

खात्री अशी करा. काळ्या खिडकीत ‘पिंग’, जागा, वजाचं चिन्ह आणि एफ, जागा, वजाचं चिन्ह आणि एल, जागा, १४७२, जागा, आणि शेवटी ८.८.८.८ लिहा. एफ म्हणजे तुकडे करू नको, एल म्हणजे आकार. १४७२ का? वर २८ बाइट पत्त्याचे लागतात, बेरीज १५००. उत्तर आलं नाही किंवा ‘फ्रॅगमेंट’ शब्द असलेला निरोप आला, तर १४६४ लिहून पाहा. २८ मिळवले की १४९२. हे गेलं आणि ते अडलं, तर निदान पक्कं झालं. १४६४ ही अडलं तर दहा-दहाने खाली उतरत जा आणि जे पहिलं जाईल त्यात २८ मिळवा.

मग राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या, सेटिंगमध्ये एमटीयू नावाचा रकाना शोधा, तिथे हा आकडा भरा, सेव्ह करा आणि राउटर बंद-चालू करा. जुन्या राउटरमध्ये तो बसवणाऱ्याने भरला असणार, नव्यात राहून गेला. रकाना सापडला नाही तर कंपनीला फोन करताना ‘साइट उघडत नाहीत’ असं म्हणू नका. ‘१४७२ चा पिंग जात नाही, १४६४ चा जातो, एमटीयू १४९२ करून द्या’ असं सांगा. मग कोणी तुम्हाला लाइन उत्तम आहे असं सांगून फोन ठेवू शकणार नाही.

प्रश्न: विंडोज ७ चा जुना संगणक आहे. तारीख बरोबर आहे, तरी अनेक साइटवर सर्टिफिकेटचा इशारा येतो. चांगलं चालणारं यंत्र टाकवत नाही.

उत्तर: टाकू नका, पण त्याच्याकडून काय काम घ्यायचं ते ठरवा. सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या संस्थांची यादी संगणकात असते, आणि तुमची यादी शिळी झाली आहे. यादीतल्या अशा संस्थेच्या स्वतःच्या ओळखपत्राला मूळ सर्टिफिकेट म्हणतात. लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं ज्या जुन्या मूळ सर्टिफिकेटच्या आधारावर जुन्या यंत्रांत चालत, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. नवीन मूळ सर्टिफिकेट अपडेटमधून येतं, पण मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ला आधार देणं (सपोर्ट) १४ जानेवारी २०२० लाच थांबवलं, आणि बऱ्याच यंत्रांवर त्याच्याही आधीपासून अपडेट बंद ठेवलेली असतात.

फायरफॉक्स स्वतःची यादी बरोबर आणतो, विंडोजच्या यादीवर अवलंबून राहत नाही. विंडोज ७ वर चालणारी त्याची शेवटची मालिका ११५ ईएसआर (जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती) आहे. ती बसवलीत तर अडलेल्या बहुतेक साइट उघडतील. वाचन, गाणी, लेखन, छपाई यासाठी हे यंत्र खुशाल वापरा. बँकेची आणि सरकारी कामं त्यावर करू नका. साइट उघडली म्हणजे यंत्र सुरक्षित झालं असं नाही, विंडोजमधली जुनी भोकं तशीच राहतात. त्या कामांना घरातला अद्ययावत मोबाइल जास्त भरवशाचा आहे.